वाक्याला साक्षीदार

पाटणकरबाई आमच्या रोह्याच्या वाचनालयात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पुस्तक मागितलं नाही, खुर्च्या मागितल्या. संध्याकाळी वाचनकक्ष रिकामाच असतो, वर्तमानपत्रं पंख्याखाली फडफडत पडलेली असतात, तेव्हा इथे इंग्रजीचा वर्ग घेतला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे. म्हणजे वर्ग सुटेपर्यंत मलाही थांबणं आलं. मी जरा तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी मात्र मलाच उत्साह आला आणि मी दाराशी फळा टांगून त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'फाडफाड इंग्रजी बोला!' बाई आल्या, चष्मा लावून फळा वाचला, रुमालाने 'फाडफाड' तेवढं पुसलं आणि म्हणाल्या, "कुंदाताई, फाडायचं काय आहे त्यात? नुसतं बोललं तरी पुरे."

मी मनात म्हटलं, ही बाई आपल्याला जड जाणार. गेलीच.

बाई उंचीला बेताच्या, अंगाने काटक. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खांद्याला कापडी पिशवी. रस्त्याने चालताना दूध गॅसवर ठेवून आल्यासारख्या चालायच्या. पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून त्या रिटायर झाल्या. यजमान आधीच गेलेले. मुलगा नितीन धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टचा साहेब होता, म्हणून बाई पेण सोडून वरसे गावात त्याच्या भाड्याच्या जागेत राहायला आल्या. घरात मुलगा, सून आणि चार वर्षांची नात मनवा. बाईंचं माहेरही पेणचंच. वडील गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचे आणि लहानपणी बाई शेजारी बसून ते बघायच्या. "बाकीचं रंगकाम गप्पा मारत चालायचं," त्या सांगायच्या, "पण डोळ्यांच्या वेळी बाबा श्वाससुद्धा जपून घ्यायचे."

थापेबाजीचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि ही थापेबाजी त्यांना आपल्यासारख्या सज्जन माणसांतही दिसायची. मी एकदा त्यांना चहा दिला. त्यांनी तो पिऊन कप खाली ठेवला. मी वाट बघत उभी, की आता 'थँक्यू' म्हणतील. बाई म्हणाल्या, "आज थँक्यू म्हणत नाही हं. चहा गार होता." मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. आणि पुढे कधी त्या थँक्यू म्हणाल्या की माझा दिवस चांगला जायचा, कारण तो आतून आलेला असायचा. मोबाईलवर सगळं जग अंगठे आणि जोडलेले हात पाठवतं. बाई मात्र पूर्ण वाक्य लिहायच्या. 'तुमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं.' एवढं टाइप करायला त्यांना बराच वेळ लागायचा, पण अंगठा त्यांनी कधी पाठवला नाही.

वर्गाला माणसं जमली ती अशी. कंपनीतले ऑपरेटर, औषधाच्या दुकानातली एक मुलगी, इंग्रजी शाळेत नातवंडं घातलेल्या दोन आज्या आणि शेजारच्या अष्टमी गावचा एक रिक्षावाला. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, एकेक वाक्य बोला. रिक्षावाल्याने कुठलंसं गाइड पाठ केलेलं असावं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "माय अंकल लिव्हज इन लंडन."

"वा," बाई म्हणाल्या. "लंडनला काय करतात काका?"

"काका नाय मना."

"मग लंडनला कोण राहतं?"

"कोणीच नाय बाई. पुस्तकात हाय तसं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला रागावलंही नाही. फक्त विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे राहता? ते सांगा की." तो म्हणाला, "आय लिव्ह इन अष्टमी." मग बाईंनी वर्गाकडे वळून विचारलं, "साक्षीदार?" कोणाला काही कळेना. बाईंनी समजावलं, की हे खरं आहे हे माहीत असलेलं माणूस उभं राहील आणि म्हणेल, 'येस, इट इज ट्रू.' औषधाच्या दुकानातली मुलगी लाजत उठली आणि तसं म्हणाली. रिक्षावाल्याचा चेहरा असा खुलला, की जणू त्याचं घर त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या नावावर झालं.

हीच त्यांची पद्धत. वाक्य खरं पाहिजे, स्वतःच्या जगण्यातलं पाहिजे आणि त्याला साक्षीदार पाहिजे. साक्षीदार मिळेपर्यंत ते वाक्य तुमचं झालं नाही, फळ्याच्या कोपऱ्यात थांबून राहिलं. शब्द साधेच असायचे. टेल, आस्क, ओपन, क्लोज, टुडे, रेडी. जड शब्द कोणी आणला की बाई विचारायच्या, "हा घरी वापरणार का? मग ठेवा त्याला बाहेर, चपलांपाशी."

मी कोपऱ्यात पुस्तकांची कार्डं लावत बसायची. एकदा मलाही उठवलं. मी ऐटीत म्हणाले, "आय लव्ह बुक्स." बाई म्हणाल्या, "साक्षीदार?" एकही हात वर जाईना. शेवटी मागून आवाज आला, "बाई, ताई तर मोबाईलच बघत असत्यात." माझं वाक्य बरेच दिवस फळ्याच्या कोपऱ्यात लटकत राहिलं. येणारा-जाणारा ते वाचायचा. मग मी मुकाट्याने कपाटातलं एक पुस्तक काढलं आणि सगळ्यांसमोर वाचायला बसले, तेव्हा कुठे सुटका झाली.

पण बाई काय चीज आहे हे मला कळलं ते हिराबाईंच्या वेळी. हिराबाई त्या दोन आज्यांतल्या एक, मूळच्या पेणजवळच्या खाडीकाठच्या. सगळा जन्म मिठागरात गेला. आता मुलीकडे रोह्याला असायच्या, पण उन्हाळ्यात मिठाचा हंगाम आला की गावी पळायच्या. नातू इंग्रजीत काहीतरी बोलतो आणि आपण नुसतं बघत राहतो, हे त्यांना लागलं होतं. एकदा गावाहून आल्या आणि उभ्या राहून म्हणाल्या, "द सॉल्ट इज रेडी."

वाक्य चोख होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "साक्षीदार?"

हिराबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. "मना कोन साक्ष देल गो बाय? मीठ हाय तिकडं, तुमी सगली हिकडं."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, राहू दे, पटलं आम्हाला. बाईंनी पिशवीतून डबा काढून त्यातली बडीशेप चघळली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "रविवारी जाऊ."

आणि खरंच गेलो. आधी एसटीने पेण, तिथून टमटमने खाडीपर्यंत आणि मग बांधावरून पायी. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं मुश्कील, त्यात खाली ते पांढरंशुभ्र आगर. मी रविवारची झोप सोडून आल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होते. हिराबाई मात्र अनवाणी, पुढे पुढे, घर दाखवायला निघाल्यासारख्या. एका वाफ्यापाशी त्या थांबल्या. बाई बांधावर उकिडव्या बसल्या, बोटाने मिठाचे दोन खडे उचलले, जिभेवर ठेवले, डोळे मिटले. मग उठून, साडी झटकून, हिराबाईंकडे बघून म्हणाल्या, "येस. इट इज ट्रू. द सॉल्ट इज रेडी."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला अजून सांगता येत नाही. त्यांच्या मिठाचा इतकी वर्षं व्यापारी भाव करत आले होते. ते खरं आहे असं सांगायला उन्हातून कोणी आलं नव्हतं. परत येताना मी एसटीत बाईंच्या शेजारी बसले होते, आणि मला त्यांची थोडी भीतीच वाटली. आदराची म्हणा हवं तर. एका वाक्यासाठी ही बाई एवढी चालते, मग मोठं काही आलं तर कुठवर जाईल, असं वाटून गेलं.

मोठं यायला फार दिवस लागले नाहीत.

वर्गात दत्ताराम नावाचा एक ऑपरेटर होता. राहणारा खांब गावचा. घरी भातशेती, वालाचं पीक, आणि कंपनीत शिफ्ट. तो नितीनच्याच हाताखाली काम करायचा. बोलणं कमी. वर्गात मागे बसायचा, पण वाक्य पक्कं करून आणायचा. कंपनीत दुसरे ऑपरेटर आजारी पडले की याच्यावर भार, तरी वर्ग चुकवायचा नाही.

एके दिवशी कंपनीत एका पाइपातून गरम द्रव उडाला आणि एका पोराचे दोन्ही हात भाजले. पोरगा खांबचाच, दत्तारामचा शेजारी. दत्तारामनेच खटपट करून त्याला तिथे चिकटवला होता. पोरगा वाचला, पण हात पूर्वीसारखे होतील की नाही हे डॉक्टरही सांगेनात. कंपनीत बोललं जाऊ लागलं, की दत्तारामने व्हॉल्व्ह उघडा ठेवला. चौकशीला बाहेरून दोन साहेब येणार होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता, सगळं इंग्रजीत चालणार होतं. दत्तारामचं म्हणणं त्यांना इंग्रजीत सांगायचं काम कंपनीने नितीनवर सोपवलं होतं.

त्या संध्याकाळी दत्ताराम वर्गात आला तो पुढच्या रांगेत बसला. बाईंनी विचारलं, "आज काय आणलंत?"

"बाई, वाक्य जरा बसवून द्या," तो म्हणाला. मग खाली बघत, एकेक शब्द ठेवत बोलला. "आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह. द व्हॉल्व्ह वॉज बॅड. आय टोल्ड पाटणकर सर. ही सेड, रन इट."

व्हॉल्व्ह खराब आहे, बंद करूनही गळतोय, हे मी शिफ्टच्या सुरुवातीलाच सरांना सांगितलं होतं, आणि सर म्हणाले चालू दे. एवढाच त्याचा अर्थ. वर्गातल्या हिराबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना तो कळला, आणि पाटणकर सर म्हणजे कोण हेही सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या हातातलं कार्ड हातातच राहिलं. मला वाटलं, आता बाई म्हणतील, आज बरं वाटत नाही, उद्या बघू.

बाई म्हणाल्या, "'बॅड' म्हणून साहेबांना काही कळणार नाही. काय होत होतं त्याला?"

"गळत व्हता."

"मग तसं सांगा. द व्हॉल्व्ह वॉज लीकिंग. पुन्हा बोला, पहिल्यापासून."

तो पुन्हा बोलला. त्यांनी परत बोलायला लावलं. 'पाटणकर सर'पाशी त्याचा आवाज बसायचा, तर म्हणाल्या, "नाव नीट घ्या. खाली बघू नका." स्वतःच्या मुलावरचा आरोप ती बाई दुसऱ्याच्या तोंडून घोटून घेत होती, आणि आवाज रोजचाच होता. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं हाताळली आहेत, त्यांत शूर माणसांची काही कमी नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत, मी असं काही कधी पाहिलं नव्हतं.

वाक्य बसलं. मग सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "साक्षीदार?"

दत्ताराम म्हणाला, "बाई, तिथं आमी दोघंच व्हतो. मी आन् सर."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "बरं," त्या म्हणाल्या. "विचारून येते."

पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, वर्ग भरायच्या आधी, माझ्या टेबलापाशी उभ्या राहून. रात्री घरी जेवणं होत आली होती. सून मनवाला भरवत होती. बाईंनी नितीनला इंग्रजीत विचारलं, 'डिड दत्ताराम टेल यू?'

"इंग्रजीत का?" मी विचारलं.

"मराठीत विचारलं असतं तर तो 'आई' म्हणाला असता," बाई म्हणाल्या. "मग माझ्याच्याने पुढे विचारवलं नसतं."

ताटाकडे बघतच नितीन म्हणाला, 'येस.' बाई म्हणाल्या, पूर्ण वाक्य बोल. सून म्हणाली, "आई, पुरे आता." पण नितीन बोलला. 'येस, ही टोल्ड मी.' वरून माल लवकर काढायची घाई होती, थांबवलं असतं तर त्याला जाब द्यावा लागला असता, हेही त्याने मग मराठीत सांगितलं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला, आणि बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण चौकशीत काय बोलणार, हे त्यांनी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

वर्ग भरला. बाई फळ्यापाशी न जाता विद्यार्थ्यांसारख्या खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "येस. इट इज ट्रू. दत्ताराम टोल्ड हिम. माय सन सेड सो."

दत्ताराम ताडकन उभा राहिला. "बाई, ऱ्हाऊ द्या. मी बोलतो माजीच चूक झाली. सरांना लहान पोरगी हाय. तुमचं घर हाय. मी काय, भात लावीन."

"आणि त्या मुलाच्या आईला काय सांगाल?" बाईंनी विचारलं.

खांबला त्याचं आणि त्या पोराचं घर एका अंगणात आहे.

"वाक्य आता तुमचं आहे," बाई म्हणाल्या. "बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी जोर करणार नाही. पण चूक माझी होती, असं वाक्य मी तुम्हाला बसवून देणार नाही."

चौकशीच्या खोलीत आम्ही कोणी नव्हतो. दत्तारामने सांगितलं तेवढंच माहीत. साहेबांनी प्रश्न केला आणि नितीन तो मराठीत सांगायला वळला, तेव्हा दत्तारामने हात वर केला आणि म्हणाला, 'सर, आय विल स्पीक.' मग त्याने आपली वाक्यं बोलून टाकली. नाव घेताना खाली बघितलं नाही. साहेबांनी नितीनकडे बघून विचारलं, हे खरं आहे का. "सर लय वेळ काय बोलंनात," दत्ताराम म्हणाला. "मला वाटलं, गेलं आपलं काम. मंग बोलले. येस, इट इज ट्रू, बोलले. आन् माज्याकडं बगून खाली बसले."

दत्तारामचं काम राहिलं. त्या पोराच्या आईने त्याच्या घरी वालाच्या बिरड्याचं भांडं पाठवलं, आपलं माणूस समजून. नितीनला मात्र कंपनी सोडावी लागली. रोह्यात बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बाजारात माझ्या कानांवर आलं, आई आहे की वैरीण. कोणी म्हणालं, शिकवण्या करून पोराचा संसार मोडला. मी दोघातिघांशी भांडले. उपयोग शून्य. बाईंपर्यंतही ते पोचलं असणार, पण वर्ग त्यांनी एक दिवस बंद ठेवला नाही.

नितीनला गुजरातेत नोकरी मिळाली. सुनेने स्वच्छ सांगितलं होतं, की आई बरोबर नकोत. नितीनने समजवायचा प्रयत्न केला असं ऐकलं, पण बाईंनीच त्याला थांबवलं. "तिचं चुकत नाही," त्या मला म्हणाल्या. "तिचं घर विस्कटलं. माझ्यामुळेच विस्कटलं." वरशातली जागा भाड्याची, ती सोडली. बाई पेणला माहेरच्या घरातल्या एका खोलीत राहायला जाणार होत्या, आणि तिथून गाडीने येऊन वर्ग चालू ठेवणार होत्या.

ती मंडळी निघाली त्या सकाळी मी रोह्याच्या स्टेशनवर गेले. खरं तर बाई एकट्या परत येतील, म्हणून गेले. गाडी पनवेलपर्यंतची, तिथून त्यांना पुढची धरायची होती. सगळं सामान बांधून झालेलं, गॅसची शेगडीसुद्धा. म्हणजे पुन्हा इकडे यायचं नाही, हे उघडच होतं. सून आधीच चढून पलीकडच्या खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. नितीन बाईंच्या पाया पडला. पडला तो पटकन उठला नाही. बाईंनी त्याचे खांदे धरून त्याला वर केलं, त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि त्याला डब्याकडे ढकललं.

मनवाला कशाचाच पत्ता नव्हता. नवा फ्रॉक, हातात बिस्किटाचा पुडा. ती खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती. गाडीने भोंगा दिला तसा तिने गजांतून हात बाहेर काढला आणि बालवाडीतून घरी येताना रोज म्हणते तसं मोठ्याने ओरडली, "बाय आजी! सी यू टुमॉरो!"

आत सुनेने मान फिरवून बाईंकडे बघितलं. मीही बघितलं. गाडी हलली. बाई खिडकीबरोबर चालू लागल्या, मनवाचा हात त्यांच्या हातात होता तेवढा वेळ.

"येस, बाळा," बाई म्हणाल्या. "सी यू टुमॉरो."